मान फिरवण्याची शिस्त

सोमवार, १२ जुलै १९७६, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. मानसशास्त्राचे प्राध्यापक हिरेमठ सर यांनी आमच्या प्राचार्यांच्या तळहातावर एक भाजलेला शेंगदाणा ठेवला. प्राचार्य त्या सत्रात प्रथमच वेळेवर आले होते.

"इष्ट वर्तन, तत्काळ बक्षीस," सर गंभीरपणे म्हणाले. प्राचार्यांनी काही न सुचून तो खाल्ला. पुढचा आठवडाभर ते वेळेवर आले. सर याचे श्रेय शेंगदाण्याला देत. आम्ही विद्यापीठाच्या तपासणीला.

'मन' हा शब्द सरांना खपत नसे. त्यांची सहायक म्हणून रुजू होताना मी "मनापासून आनंद झाला" असे म्हणून गेले. "मन कुठल्या कप्प्यात असतं, बाई? उघडून दाखवा की!"

गच्चीवर त्यांची कबुतरे होती. लाल चकतीवर चोच मारली की दाणा. एरवी काही नाही. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांत वाढलेले हे शास्त्र पिंजऱ्यातच राहिले तर वाया गेले, असे सरांचे मत. म्हणून मला घेऊन ते मतिमंद मुलांच्या शाळेत गेले.

तिथे कुंभारी गावची महादेवी होती. वय सात, बोलत नसे, आणि बाकावर कपाळ आपटत असे. आपटले की शिक्षिका धावत, कुरवाळत, गुळाचा खडा देत.

"म्हणजे आपटण्याला बक्षीस!" सर कडाडले.

नियम ठरला. ती आपटू लागली की मान फिरवायची. शांत बसली की लगेच वळून शाबासकी आणि शेंगदाणा. प्रतिसाद न मिळालेले वर्तन ओसरते, मात्र ओसरण्यापूर्वी एकदा उसळते, असे पुस्तकात होते. सर तिच्याशेजारी, मी मागच्या बाकावर मोजत. त्या आकड्यांवर मला शोधनिबंध लिहायचा होता.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चाळीस. चौथ्या दिवशी शहात्तर.

पाचव्या दिवशी तिची आई शांतव्वा दारात उभी. ती पोरीला कायमची न्यायला आली होती. नेले असते तर महादेवी पुन्हा दिवसभर खाटेला बांधलेली राहिली असती. आईला शेतावर जावेच लागे.

"आवो सर, तुमी तोंड फिरवून बसताय, अन् पोरगी हितं डोकं फोडून घेतीया की! मानूस हाय का दगड?"

"एवढा अर्धा तास द्या, अव्वा. मग न्या."

"आन् तवर काय झालं म्हंजे?"

सर महादेवीशेजारी आपल्या जागेवर बसले. आपटणे सुरू झाले. सरांनी मान भिंतीकडे वळवली. शांतव्वा पोरीला उचलायला पुढे धावली आणि बाकाच्या टोकाशी थबकली. मीही उठून पाहिले.

सरांचा डावा पंजा बाकावर पसरलेला होता, नेमका महादेवीच्या कपाळाखाली. बोटे सुजून काळीनिळी झाली होती. ती सूज एका दिवसाची नव्हती.

"सर, हाही प्रतिसादच आहे," मी कुजबुजले. "आकडे बिघडतील."

"तुम्ही मोजा," ते भिंतीलाच म्हणाले.

शांतव्वा त्या हाताकडे पाहत राहिली. मग ती तिथेच फरशीवर बसली, पदर तोंडाशी धरला, आणि तिनेही मान फिरवली.

दोघांच्या पाठी महादेवीकडे. आणखी काही आपट. मग एक लांबलेली शांतता, सर वळले. पुन्हा आपट, पुन्हा शांतता, याहून लांब.

अर्धा तास भरला. मी आकडा लिहिला: एकोणीस.