कुंदाताईंची घडीची सायकल

आमच्या सोसायटीची लिफ्ट बटण दाबल्यावर चालते, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. तो चुकीचा आहे. लिफ्ट चालायला कुंदाताईंनी आतल्या पत्र्यावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकावं लागतं. त्या आत असल्या की ठोकण्याआधी बटणाला कुणी हात लावायचा नाही. "मध्ये सरका. पिशव्या पायाशी घ्या. दारात कोण उभा ऱ्हायला?" एवढं सगळं झालं की टण टण, आणि मग बटण. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब कोर्टात भल्याभल्यांना गप्प करतात, पण लिफ्टमध्ये तेही पिशवी पायाशी घेतात.

कुंदाताई एसटीत कंडक्टर होत्या. रत्नागिरीत बाई कंडक्टर दिसली की लोक थांबून बघायचे, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत. खाकी साडी कपाटात गेली, पण कंडक्टर बाईंमधून काही उतरला नाही. फोन ठेवताना त्या "ठेवते" म्हणत नाहीत, "चला, डबल" म्हणतात. कुणी जास्त बोलायला लागलं की एका घंटीने गाडी थांबवावी तसं "सिंगल, सिंगल" म्हणून थांबवतात. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून मला त्या सर म्हणतात आणि अरेतुरे करतात. "हा सर माणूस बरा हाय, पण सुट्टे ठेवत नाय," ही माझी त्यांनी केलेली संपूर्ण ओळख आहे.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे बैठक. "अख्ख्या जिल्ह्याला बसवलं मी, आणि स्वतः उभी," असं त्या म्हणतात आणि ते अक्षरशः खरं आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर बसण्याच्या बाबतीत त्यांनी कुणाचीही भीड ठेवली नाही. लग्नाला गेल्या की आधी खुर्च्या बघतात, मग नवरानवरी. मी नवा सोफा घेतला तेव्हा त्यावर बराच वेळ डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, सुखावल्या. उठून म्हणाल्या, "हातखंब्यापर्यंत ठीक हाय. पालीला पाठ धरील." त्यांचं आरामाचं माप हे असं एसटीच्या स्टॉपांमध्ये चालतं: हातखंबा जवळ, पाली त्यापुढे.

गेल्या थंडीत मिरकरवाड्याहून मासळी घेऊन चढ चढताना त्यांचे गुडघे अडले. रस्त्याच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. कुणीतरी ओळखीच्याने घरी आणून सोडलं आणि वर डोंबिवलीला त्यांच्या मुलीला, वैशालीला, फोनही केला. वैशालीने निकाल दिला: शिमग्याला मी येतेय, परत जाताना तुला घेऊन जाणार, इथला फ्लॅट बंद.

कुंदाताई दोन दिवस लिफ्टमध्ये ठोकायचं विसरल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, तू फिजिक्सचा ना? मग बॅटरीतलं कळत असेल."

"थोडंफार."

"मला बॅटरीवरची सायकल घ्यायची हाय. घडी होणारी. मी पोरीला सांगितलंय, मिरकरवाड्याचा चढ एकटी चढून दाखवते. चढले तर मी हितं राहणार, नाय चढले तर ती म्हणेल तसां."

घडी होणारी कशाला, हे मी विचारलं. एक कारण पटण्यासारखं होतं. खालच्या पार्किंगमध्ये चार्जिंग लावायला चेअरमनची बंदी, म्हणजे सायकल लिफ्टमधून घरात न्यायला हवी. दुसरं कारण मात्र त्या नुसतं सांगून मोकळ्या झाल्या. "आणि एसटीत चढली पाहिजे."

"एसटीत कशाला?"

"चढली पाहिजे म्हणजे चढली पाहिजे. सिंगल."

मी थांबलो.

पहिल्या दुकानातली सायकल दिसायला देखणी होती आणि तिची सीट माझ्या तळहाताएवढी होती. "मॅडम, हे स्पोर्टी मॉडेल आहे," विक्रेता म्हणाला. कुंदाताईंनी सीटवर हात फिरवला. "मी कोणाबरोबर शर्यत लावू?" तरी पण न्यायाला सोडून त्या वागत नाहीत, म्हणून स्टँडवर लावलेल्या सायकलवर चढून बसल्या आणि डोळे मिटले. दुकानात गिऱ्हाइकं आली, गेली. विक्रेत्याने पंखा वाढवला, पाणी आणलं, शेवटी मला हळूच विचारलं, "बरं वाटतंय ना त्यांना?" डोळे न उघडता उत्तर आलं, "अजून हातखंबा नाय आला. थांब."

दुसऱ्या दुकानात सीट पालीपर्यंत टिकली, पण घडी जमेना. आधी हँडलची खिट्टी, मग मधला बिजागर, मग पेडल, आणि मग कळलं की पेडल सगळ्यात आधी मिटायला हवं होतं. विक्रेत्याचं बोट चिमटलं. कुंदाताईंनी त्याला फुंकर घालायला सांगितलं आणि म्हणाल्या, "तुझं सगळं खरं रे बाबा, पण एवढा वेळ गाडी थांबणार हाय काय? डायवर शिव्या घालील." शिवाय घडी एका हाताने व्हायला हवी होती, कारण दुसऱ्या हातात मासळीची पिशवी असणार. ही अट कुठल्याच कंपनीने विचारात घेतलेली नव्हती.

तिसरं दुकान साळवी स्टॉपच्या बाजूला. तिथे मनासारखी सायकल मिळाली. रुंद सीट, खाली जाड स्प्रिंगा, हँडल उंच असल्यामुळे पाठ ताठ, साडीसकट पाय टाकता येईल असा मधला दांडा खाली वाकलेला, साखळीवर झाकण. घडी घातली की आपल्याच चाकांवर ओढत नेता येते. कुंदाताई बसल्या, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "साखरपा." दुकानदाराला वाटलं गाव विचारताहेत. मी त्याला सांगितलं, साखरपा पालीच्याही कितीतरी पुढे, घाटाच्या तोंडाशी; याहून मोठं सर्टिफिकेट जिल्ह्यात नाही.

मग चालवून बघणं आलं. लहानपणी भावाची सायकल चोरून चालवायला शिकलेल्या, ते अंगात होतंच. मारुती मंदिरापर्यंत जाऊन यायचं ठरलं. पुढे कुंदाताई, मागे माझी स्कूटर आणि माझ्या मागे दुकानाचा मेकॅनिक.

सायकल निघाली ती झोकात. आणि थोड्या अंतरावर थांबली. मेकॅनिक म्हणाला, कनेक्शन सैल असेल. तो उतरेपर्यंत सायकल पुन्हा चालू. पुढे जाऊन परत थांबली. आता मी माझं ज्ञान पाजळलं. कंट्रोलर तापून सप्लाय तोडत असणार, थंड झाला की परत जोडतो, असं मी मेकॅनिकला रस्त्याच्या कडेला उभं राहून समजावलं. त्याला ते इतकं पटलं की तो रिक्षा करून दुकानात गेला आणि दुसरी बॅटरी घेऊन आला. बॅटरी बदलली. सायकल निघाली आणि पुन्हा थांबली.

मी स्कूटर बाजूला लावून विचारलं, "ताई, काय होतं नेमकं? मोटर बंद पडते?"

"मोटर झकास हाय."

"मग थांबलात का?"

"स्टॉप आला नाय काय?"

मी वर बघितलं. खरोखरच आम्ही एसटीच्या स्टॉपपाशी उभे होतो. याआधीही दोनदा अशाच स्टॉपपाशी उभे राहिलो होतो.

"अहो, पण तुमच्याकडे एकच सीट आहे."

"म्हणून काय झालं? माणूस हात करतो. मगाशी एक म्हातारा बसलेला, त्याला विचारलं, कुठं जायचं. गणपतीपुळ्याला म्हणाला. सांगितलं, ही नाय जात." एवढं बोलून त्यांनी हँडलवर दोनदा ठोकलं आणि त्या निघाल्या. बॅटरी हातात धरून मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. फिजिक्सवरचा त्याचा विश्वास त्या दिवशी उडाला.

सायकल विकत घेतली, आणि शेवटची परीक्षा स्टँडवर झाली. संगमेश्वरची गाडी लागलेली. कुंदाताईंनी एका हाताने घडी घातली, दुसऱ्या हातात मासळीऐवजी दोन नारळांची पिशवी, आणि दाराशी उभ्या असलेल्या एका गृहस्थाने खालून आधार देताच सायकल वर. गाडीचा कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो मागे आला, सायकल बघितली, डोकं खाजवलं आणि फार संकोचाने म्हणाला, "ताई, रागावू नका, पण लगेजचं तिकीट लागेल."

त्या आनंदाने इतक्या फुलल्या की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये हीच बातमी चालली होती. "मी शिकवलेला पोरगा. मलासुद्धा सोडलंन नाय."

शिमग्याला वैशाली आली. आईवर जीव असलेली, पण आईसारखीच हट्टी. चढाच्या परीक्षेला ती आणि मी रिक्षात, कुंदाताई सायकलवर. मिरकरवाड्यात त्यांनी आरामात बांगडे घेतले, सुरमईच्या भावावरून मनसोक्त भांडल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाल्या. आम्ही मागोमाग. तेवढ्यात बर्फाची गाडी आडवी आली आणि आमची रिक्षा अडकली. बाजूने कुंदाताई, पाठ ताठ, पदर खोचलेला, पेडल फक्त नावाला फिरवत, अशा वर गेल्या की जाळी विणणारे दोघेजण हातातलं काम ठेवून बघत राहिले. एकाने विचारलं, "मावशी, कुठली गाडी?" कुंदाताई मागे न बघता म्हणाल्या, "नॉनस्टॉप."

आम्ही वर पोचलो तेव्हा त्या सायकलवरच बसून आमची वाट बघत होत्या. उतरल्या नव्हत्या. एवढी चांगली सीट सोडून उतरायचं तरी कशाला? वैशाली हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मलाही, खरं सांगतो, शाळेत पोरगा पहिला आल्यासारखं झालं. त्या दिवशी चारही मजल्यांवर सुरमईचे तुकडे पोचले. वकीलसाहेबांकडे तर ते मासे खात नाहीत हे माहीत असूनही.

पण वैशालीचं मन पूर्ण निवळलं नव्हतं. "चढ चढलीस, मान्य," ती म्हणाली, "पण इथे तुझं आहे कोण?" कुंदाताई सायकल चार्जिंगला लावायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली माझ्याकडे आली. "सर, आई सायकल घेऊन स्टँडवर गेली. उद्या सकाळी येते म्हणाली. वस्तीला कुठे जाते ती?" मला माहीत नव्हतं. स्टँडवर चौकशी केली तर लगेजचं तिकीट मागणाऱ्या त्या कंडक्टरने फोनवर सांगितलं, संगमेश्वरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरल्या. फाट्याचं नाव वैशालीच्या ओळखीचं निघालं. मी गाडी काढली.

वाटेत तिने सांगितलं. ती लहान असताना आईला त्या फाट्याच्या आतल्या वाडीची वस्तीची गाडी असायची. संध्याकाळी गाडी जायची, रात्री तिथेच मुक्काम, पहाटे परत. ड्रायव्हर गाडीत झोपायचा. बाईमाणसाने कुठे झोपायचं? वाडीतल्या एका म्हातारीने पहिल्याच रात्री हाताला धरून घरी नेलं. पुढे कित्येक वर्षं तिच्या पडवीत आईचं अंथरूण असायचं. दिवाळीपासून गाडी वाडीत न शिरता फाट्यावरूनच पुढे जाते. आई निवृत्तीनंतरही त्या गाडीने जायची, पण फाट्यापासून आत चालायला गुडघे साथ देईनात. तेव्हापासून ती गेली नव्हती. "मला वाटलं होतं, विसरली असेल," वैशाली म्हणाली.

वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घराभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्याशी आम्ही थबकलो. पडवीत सायकल घडी घालून ठेवलेली. शेजारी एक अगदी वाळकी म्हातारी, नजर गेलेली, आणि तिच्या पायांना तेल लावत बसलेल्या कुंदाताई.

"मला वाटलां गाडी बंद झाली गो," म्हातारी म्हणत होती. "दिवाळीपासून आवाज नाय."

"बंद कशी व्हईल, आवशी? मी हाय ना."

"आज पण आवाज नाय आला."

"नवी गाडी दिलीय. बॅटरीवरची. आवाज करीत नाय."

"माणसां होती?"

"भरून होती. उभ्याला जागा नव्हती."

"बरां झालां. डायवराला जेवायला बोलव."

"तो आज जेवून आलाय."

वैशालीने माझा हात घट्ट धरला. "ड्रायव्हरकाकांना जाऊन किती वर्षं झाली, सर," ती कुजबुजली.

मग ती सरळ पडवीत गेली. कुंदाताईंनी मान वर केली. विनातिकीट पकडलेल्या प्रवाशासारखा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

"कोण आला?" म्हातारीने विचारलं.

वैशाली तिच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "गाडीतलीच आहे, आजी. इथे उतरले."

"सकाळच्या गाडीनं परत जाणार?"

"मी जाणार," वैशाली आईकडे बघत म्हणाली. "कंडक्टर इथेच राहणार आहे."