परतीची एसटी

या, जरा जवळ सरका. आणि मी बोलत असताना मोबाइलात काय डोकं खुपसता? ठेवा तो बाजूला. आमच्या इंगळे सरांचं सांगते तुम्हाला.

डोणगावात कुणी वारलं की घरच्यांना दोन दुःखं. एक मयताचं, दुसरं इंगळे सरांचं. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झाले, पण वर्ग काही सुटला नाही. सांत्वनाला येऊन रडणाऱ्यालाच विचारायचे, "काऊन रडता? एसटी मेहकरले गेली म्हणून डोणगाव पुसल्या जाते काय? गेलेला काळ जिथल्या तिथं हाये. आपण पुढं आलो, एवढंच!"

एका तेरवीच्या पंगतीत तर ताटातली वाटी सरकवून काळ समजावत बसले. वाढणारा बुंदी घेऊन ताटकळला. "काळ समजला सर," तो म्हणाला, "बुंदी कुठं टाकू?"

माझे मालक गेले तेव्हाही आले. "वहिनी, भाऊ मागच्या थांब्यावर हायेत." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मंग परतीची एसटी सांगा. किती वाजता हाये?" नुसता चष्मा पुसत बसले.

औंदा त्यांच्या मंडळी, सुमनबाई, गेल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी नेऊन बळेच भरवतात, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. मी पिठलं-भाकरी नेली. सर हात मागे बांधून उभे.

"कडू घास गेलेल्याच्या घरी देतात, वहिनी. आमच्याकडं कोणी गेलं नाही."

त्यांची बहीण विनवून थकली. दिवस कलला. त्यात सरांना साखरेचा आजार. उपाशी राहून चालायचं नाही.

मी भाकरी मोडली. "खा, सर. नाही तर तुमचीबी एसटी इथंच थांबते."

तेव्हा खाली बसले. "वहिनी, गणितात काळ उलटा चालवला तरी चालते. मी सकाळपासून मांडून राह्यलो. मंग तिच्याकडं जाता काऊन नाही येत मले?"

मी घास तोंडापुढे धरला. गिळला त्यांनी. पाण्यानं ढकलावा लागला.

आता ते कुणाच्या दारी जात नाहीत. परवा त्यांच्या समोरच्याच घरी मयत झालं. लोक निवांत रडले. गावाची सुटका झाली म्हणतात. सर आपल्या ओसरीवर बसून होते. मी मुद्दाम काळाचं विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या, वहिनी. कीव करू नका."

तुम्ही परके. काळाबद्दलचा तुमचा प्रश्न त्यांना खरा वाटेल. एखादा घेऊन या, चुकीचा असला तर फारच बरं. पण लवकर या. एसटी आमच्या डोणगावला थांबते.