चौऱ्याण्णवावं ताट

"दहा मिनिटं!" स्टॉपवॉच सर म्हणाले. "सगळी रांग दहा मिनिटांत संपली नाही, तर हे यंत्र मी माझ्या हातानं खोक्यात भरीन."

गणिताच्या सरांना हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि सरांना ते मनापासून आवडायचं. शाळेच्या भोजनगृहात रांग पस्तीस मिनिटं रेंगाळायची, कारण वाढणाऱ्या काकू प्रत्येकाचं नाव वहीत शोधून खूण करायच्या. सगळ्यात मागे पहिलीची पोरं. त्यांचा पहिला घास आणि शाळेची घंटा यांची रोज गाठ पडायची. सरांना ते बघवत नसे. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून त्यांनी प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा आणि वाढायच्या खिडकीला यंत्र बसवून घेतलं. पट्टा नुसता जवळ न्यायचा. टुंग वाजतं, ताट मिळतं आणि घरी आईच्या फोनवर निरोप जातो, 'आपल्या पाल्याने जेवण घेतले.'

काकूंची एकच अट होती. "पुन्हा मागायला आलेल्याला त्यानं अडवायचं नाही हं. लेकरंच ती."

सरांनी यंत्राला तशी समज दिली.

आदल्या दिवशीच्या सरावात यंत्रानं सरांचा घाम काढला होता. कुणाचा पट्टा बाहीखाली, तर कुणाचा दप्तरात. आज मात्र नवल घडलं. पहिला मुलगा बाही सरकवतोय तोवर काकू ताट द्यायला पुढे वाकल्या आणि टुंग! दुसऱ्याचा हात खिशातच होता, तरी टुंग!

"बघितलंत बाई? हात वर करायचेसुद्धा कष्ट नाहीत!" सरांची छाती फुगली.

ब्याण्णव ताटं, साडेनऊ मिनिटं. पहिलीची पोरं ऐसपैस बसून बटाटे चावत होती. बाईंनी टाळ्या वाजवल्या. शाळेत मुलं त्र्याण्णव आहेत, हे मात्र गणिताच्या सरांच्याही ध्यानात आलं नाही.

इतक्यात दारातून एक आई धावत आली. मागून बॅग सावरत डॉक्टर.

"आमची चिमणी कुठंय? ब्याण्णव वेळा जेवलीय ती!" तिनं फोन सरांच्या नाकासमोर धरला. "घरी दीड घास खाते हो! फोन थांबायलाच तयार नाही."

"आधी पोट दाखवा," डॉक्टर म्हणाले.

सरांनी यंत्र उघडून पाहिलं. सगळी ताटं पहिलीतल्या चिमणीच्या नावावर, बाकी शाळा उपाशी. शोधाशोध झाली. चिमणी हात धुवायच्या नळाखाली वाकून काहीतरी हुडकत होती, डोळे लाल.

"माझा पट्टा हरवला. पट्ट्याशिवाय रांगेत यायचं नाही, असं सर म्हणाले होते."

काकूंचा हात एप्रनच्या खिशात गेला. त्या खिशात शाळेतल्या यच्चयावत हरवलेल्या वस्तू असत. दोन खोडरबर निघाले, एक दुधाचा दात निघाला आणि एक पट्टा.

"अगं बाई! सकाळी नळापाशी सापडला होता. कामाच्या गडबडीत राहूनच गेला. म्हणजे मी वाकले की हाच वाजत होता!"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरांसाठी एवढा खटाटोप केला, त्यातलंच एक उपाशी! खाली बसून त्यांनी चिमणीच्या मनगटाला पट्टा बांधला आणि तिला स्वतः खिडकीशी नेलं. टुंग! आईच्या हातात फोन वाजला.

"हा निरोप खरा," सर पुटपुटले.

"मग? भरायचं का यंत्र खोक्यात?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. वहीतल्या खुणा गेल्या म्हणूनच रांग पळाली. फक्त दोन नियम वाढवायचे. पट्टा नसलेल्याला आधी वाढायचं, आणि रोज सकाळी काकूंचा खिसा रिकामा करायचा."

"खिशाला हात लावून तर बघा!" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात आईचा फोन पुन्हा वाजला.

"घ्या! परत बिघडलं तुमचं!" म्हणत तिनं मान वर केली.

खिडकीशी चिमणी टाचा उंचावून उभी होती, चाटूनपुसून रिकामं केलेलं ताट पुढे धरून.