नऊ कॅमेरे आणि एक कठडा

दुरुस्ती कार्यालयाचा कॅमेरा आमच्या जिन्यात पडला आणि त्याची मागची स्क्रीन फुटली, ही घटना सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी घडली. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण पुढे ती मला सात कागदांवर लिहावी लागली.

कॅमेरा पडला तो कठड्यामुळे. आमच्या जिन्याचा कठडा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये चार हात तुटला होता. इमारत कार्यालयाची, म्हणून कठडाही कार्यालयाचा. वस्तू तुटल्याचा फोटो असल्याशिवाय ती तुटली असे कार्यालय मानत नाही. म्हणून तिथले कारकून फोटो काढायला आले. त्यांना सगळे नोंदबुवा म्हणतात. तुटका भाग फोटोत पूर्ण मावेना, तेव्हा नोंदबुवा जरा मागे सरकले आणि सवयीने कठड्याला टेकले. जो कठडा नव्हता, त्याला टेकले. मी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढले. कॅमेऱ्याला सदरा नव्हता.

घरात माझी बायको. तिचा खुबा मोडून जोडलेला आहे. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताखाली कठडा असेल तरच ती जिना उतरते. तिची धाकटी बहीण समोरच्या इमारतीत तळमजल्यावर अंथरुणाला खिळून आहे. ही रोज दुपारी जाऊन तिची वेणी घालायची. कठडा तुटल्यापासून वेणी बंद. आता ही खिडकीत उभी राहायची आणि समोरच्या खिडकीतून हात हलला की आपला हात हलवायची.

मी चाळीस वर्षे सुतारकाम केले. कठडा तुटला त्याच आठवड्यात मी चार हात सागवानी दांडा रंधून, हाताला बोचू नये असा गोल करून पलंगाखाली ठेवला होता. बसवायला एक तास पुरे.

"काका, हात लावायचा नाही," नोंदबुवा म्हणाले. "तुटक्या अवस्थेचा फोटो निघायच्या आत दुरुस्ती केलीत, तर तो पुरावा नष्ट केल्याचा प्रकार होतो."

"मग काढा फोटो."

"कॅमेऱ्याने निघतोय हो. पण फॉर्मात रकाना आहे, 'पृष्ठदर्शक पटलावर छायाचित्र पाहून खात्री केली.' पटलच फुटलंय. खात्री कुठे करू?"

पृष्ठदर्शक पटल म्हणजे ती मागची स्क्रीन. आम्ही दोघे कॅमेरा घेऊन घड्याळजींकडे गेलो. ते घड्याळे दुरुस्त करतात, आणि लहान स्क्रूचे जे जे काही असेल ते सगळे करतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून कॅमेरा फिरवून पाहिला.

"डिस्प्लेच गेलाय फक्त. सहा स्क्रू काढायचे, आत कागदासारखी पातळ पट्टी असते ती सोडवायची, नवा डिस्प्ले लावायचा. पंधरा मिनिटं. चहा सांगू का तोवर?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, तसा नोंदबुवांनी कॅमेरा छातीशी धरला.

"फुटल्याचा फोटो काढल्याशिवाय?"

"काढतो की. माझ्या मोबाइलवर."

"खासगी साधनाने काढलेला फोटो हा फोटो नसतो. कार्यालयाच्याच कॅमेऱ्याने काढावा लागतो."

"आणि कार्यालयाकडे कॅमेरे किती?"

"एक."

घड्याळजींनी भिंग काढले आणि बराच वेळ नोंदबुवांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. "बुवा," ते म्हणाले, "तुम्ही आधी चहा घ्या."

महिनाभर पत्रे गेली, पत्रे आली. शेवटी वरून आदेश आला की कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो स्वतः काढावा, त्यासाठी आरसा वापरण्यास हरकत नाही. कार्यालयात हात धुण्याच्या जागी आरसा होता. नोंदबुवांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढला आणि त्याची प्रत साहेबांपुढे ठेवली. मीही हजर होतो, कारण घटनेचा साक्षीदार मी.

साहेबांनी प्रत लांब धरली, जवळ धरली. "कॅमेरा उत्तम दिसतोय. फुटलंय काय?"

"साहेब, फुटलं मागे आहे. आरशात पुढची बाजू येते."

"मागचं फोटोत नाही, म्हणजे फुटलं नाही. आणि हा नंबर बघा. आपला कॅमेरा 8101. हा तर 1018 आहे. हा कुठून आला?"

"आरशातून," नोंदबुवा म्हणाले.

"म्हणजे बाहेरून. नोंदवहीत चढवा. एक कॅमेरा, 1018, सुस्थितीत."

मी म्हणालो, "साहेब, तो एकच कॅमेरा आहे. आरशात आकडे उलटे दिसतात."

साहेब माझ्यावर रागावले नाहीत. माझ्या वयाकडे पाहून त्यांनी सावकाश समजावले. "आजोबा, आता आपल्याकडे एक कॅमेरा फुटका आणि एक धड. निम्म्याहून जास्त साधनं नादुरुस्त असतील तरच दुरुस्तीला मंजुरी मिळते. इथे बरोबर निम्मी आहेत. माझा नाइलाज आहे. तुम्ही असं करा, 1018 ने फोटो काढून घ्या."

नोंदबुवा खरोखर दोन दिवस 1018 शोधत होते. मी त्यांना कपाटाच्या मागे हात घालताना पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसा भिंतीवरून काढून त्याच्या मागेही पाहिले.

घरी ही म्हणाली, "अहो, काल तिचा हात दिसला नाही."

"झोपली असेल."

"दोन महिन्यांचा गुंता झाला असेल केसांचा," ही म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. मग झाडताना पलंगाखालच्या दांड्याभोवतीची जागा मुद्दाम स्वच्छ झाडली.

उपाय मला सलूनमध्ये सुचला. दाढी झाल्यावर सलूनवाल्याने मान दाखवायला मागे आरसा धरला आणि मला समोरच्या आरशात माझी पाठ दिसली. मी तसाच, कानामागे राहिलेल्या फेसासह, नोंदबुवांना घेऊन आलो. सलूनवाला म्हणाला, रिकामं बसून खुर्ची अडवायची नाही, केस कापून घ्यायचे असतील तर बसा. नोंदबुवांनी अंगावर कापड घेतले आणि कॅमेरा समोरच्या आरशाकडे धरला.

"मान खाली, बुवा," मागे आरसा धरून सलूनवाला म्हणाला. "नाहीतर कॅमेऱ्याऐवजी तुमचं टक्कल जाईल साहेबांकडे."

फोटो निघाला. पण आरशासमोर आरसा आला की त्यात आरसा, आणि त्याच्याही आत आरसा दिसतो. साहेबांनी पेन्सिल घेतली आणि मोजले. एकूण कॅमेरे नऊ. पाच पाठमोरे, पाचही फुटके. चार समोरून, चारही धड. सगळ्यात पुढचा धड कॅमेरा नोंदबुवांच्या बोटाखाली झाकला गेला होता, एवढे आमचे नशीब.

"चारही धड कॅमेऱ्यांवर 1018 च आहे," साहेब म्हणाले.

"एकाच खरेदीतले असतील," मी म्हणालो. तीन महिन्यांत मलाही बोलायला येऊ लागले होते.

साहेबांचा चेहरा उजळला. "नऊपैकी पाच. निम्म्याहून जास्त. मंजूर."

पाच डिस्प्ले आले. घड्याळजींनी सहा स्क्रू काढले, पातळ पट्टी चिमट्याने सोडवली, तशीच नव्या डिस्प्लेला जोडली, दाबली, स्क्रू लावले. चौदा मिनिटे. बटण दाबताच स्क्रीन उजळली आणि तिच्यात घड्याळजींचे नाक दिसले.

"बाकीचे चार कॅमेरे?" त्यांनी विचारले.

"ते आरशात आहेत," नोंदबुवा गंभीरपणे म्हणाले.

"मग ते मला घरी जाऊन करावे लागतील. इथे माझ्याकडे आरसा नाही."

पाचही डिस्प्ले बसवल्याची पावती त्यांनी लिहून दिली. चार डिस्प्ले नोंदबुवांच्या खणात गेले.

दुसऱ्या दिवशी नोंदबुवा जिन्यात आले. या वेळी ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. फोटो काढला, स्क्रीनवर पाहिला, रकान्यात खात्री केली. मी दांडा आणि स्क्रू घेऊन तयार होतो.

"थांबा काका. दुरुस्तीनंतरचा फोटोही आत्ताच लागेल. कॅमेरा एका फेरीसाठीच मिळतो. पुन्हा मागायचा तर पुन्हा अर्ज."

"एक तास थांबा, बसवतो."

"फेरी अर्ध्या तासाची आहे."

मग त्यांनीच तोड काढली. दांड्याचे एक टोक मी धरले, दुसरे खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी. आम्ही दोघे खांबांच्या आड वाकलो. नोंदबुवांनी फोटो काढला. आवाज ऐकून सगळा जिना गोळा झाला. नवी स्क्रीन हातोहात फिरली. कठडा तिच्यात अखंड दिसत होता.

"सुंदर आलाय," शिक्षक म्हणाले.

"जुन्यापेक्षा मजबूत वाटतो," वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले.

नोंदबुवांनी कागद पुढे केला. प्रत्येकाने स्क्रीन पाहिली आणि सही केली. बारावी सही माझी. मला लिहिता-वाचता पन्नाशीत आले, त्यामुळे मी सही घाई न करता, प्रत्येक अक्षर पूर्ण करून करतो. नोंदबुवा कौतुकाने पाहत होते.

सही झाल्यावर मी पहिला स्क्रू हातात घेतला.

"आता नाही, काका," ते हळूच म्हणाले. "आता तो दुरुस्त आहे. दुरुस्त मालमत्तेत खिळे-स्क्रू ठोकले तर नुकसान केल्याचा ठपका येईल. तुमच्याच सहीचा कागद आहे."

मी दांडा घरी आणला आणि पलंगाखाली सरकवला. हिने पायांत चपला घातल्या होत्या, काठी हातात होती, कमरेला तेलाची बाटली आणि फणी खोचलेली होती.

"बसला कठडा?"

"स्क्रीनवर बसला."

ती खाटेच्या कडेवर टेकली. "कागद वाचून दाखवा."

माझ्याकडे त्याची प्रत होती. मी बोट ठेवून वाचली. त्यात लिहिले होते की खाली सह्या करणाऱ्यांनी कठडा प्रत्यक्ष हाताने तपासला, तो पक्का आहे, आणि त्यावरून कुणी पडल्यास ती चूक पडणाऱ्याची. मी हे तेव्हाच पहिल्यांदा वाचले.

"चार स्क्रूंचं काम," ही म्हणाली. "तुमच्याकडे स्क्रू नव्हते का?"

समोरच्या खिडकीत हात हलला. हिने आपला हात हलवला आणि चपला काढून ठेवल्या.

कागद अजून माझ्याकडे आहे. माझ्या वर अकरा सह्या आहेत, सगळ्या शिकलेल्या माणसांच्या, झरझर केलेल्या. दहा मला लागल्या. नववी काही केल्या लागत नाही. तुम्ही एकदा बघा. तुमच्या सहीसारखी दिसते.