भास्कररावांची उरलेली वर्षं

भास्करराव कोळेकर आणखी साधारण नऊशे वर्षं जगणार आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शालनताईंनी सगळ्यात आधी पथ्य विचारलं.

"पथ्य काही नाही," डॉक्टर म्हणाले. "मीठ जरा बेताने. ते मी सगळ्यांनाच सांगतो." त्यांनी एक्स-रे पुन्हा एकदा उजेडाकडे धरला. "पूर्वी हे सर्रास असायचं. अमक्या राजाने दहा हजार वर्षं राज्य केलं, तमक्या ऋषीने हजार वर्षं एका पायावर तप केलं, आपण वाचतोच ना. आता क्वचित एखादी केस येते."

"आणि माझं?"

डॉक्टरांनी शालनताईंची नाडी बघितली, पापण्या खाली ओढून डोळे बघितले. "तुमचं नॉर्मल आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले.

भास्कररावांचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी ते नेहमीप्रमाणे उघडलं. बातमी पसरली तसे लोक घरी येऊ लागले. पेढे न्यावेत की नुसतंच जाऊन बसावं, हे कुणालाच ठरवता येईना. बहुतेकजण केळी घेऊन आले. पुण्याहून मुलाचा, निशिकांतचा, फोन आला.

"आई, म्हणजे माझं सगळं शेवटी बाबांनाच करावं लागणार," तो म्हणाला.

"हो रे. आणि तुझ्या मुलांचंही."

"जमेल त्यांना?"

"सवय होते म्हणाले डॉक्टर."

पहिल्या काही महिन्यांतच फरक दिसू लागला. भास्कररावांना डास चावेनासे झाले. त्यांचा श्वास इतका संथ झाला, की ते झोपले की शालनताई त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघायच्या. बराच वेळ काहीच लागायचं नाही, आणि मग बोटावर हलकीशी ऊब यायची. नऊशे वर्षं पुरवायचा म्हटल्यावर श्वास जपून वापरावा लागणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एकदा दुपारी त्या बाजारातून परतल्या तेव्हा भास्करराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, आणि एका कोळ्याने त्यांच्या खांद्यापासून गजापर्यंत जाळं विणलं होतं. शालनताईंनी ते केरसुणीने काढलं. भास्कररावांनी मान वळवली आणि विचारलं, "आलीस?"

कृष्णेपलीकडच्या एका गावात असेच एक गृहस्थ आहेत, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा दोघं एसटीने त्यांना भेटायला गेले. गावात त्यांना थोरले म्हणत. वय साडेचारशेच्या पुढे असावं. चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. इतकी वर्षं त्यावरून वाहून गेल्यावर सुरकुत्याही झिजल्या असाव्यात. एका बाईने चहा आणून ठेवला.

"ही माझी," थोरले म्हणाले आणि अडले. "कोण गं तू?"

"नातसून," ती म्हणाली. किती पिढ्यांनंतरची, ते तिने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

भास्कररावांनी कामाच्या गोष्टी विचारल्या. दात टिकतात का, कंटाळ्याचं काय करायचं. थोरल्यांनी नीट उत्तरं दिली. दात टिकतात. कंटाळा पहिली शंभर वर्षं येतो, मग तोही येईनासा होतो.

शालनताईंनी मात्र एकच विचारलं. "आजोबा, आपल्या पहिल्या पत्नीचं नाव काय हो?"

थोरले विचार करू लागले. बाहेर ऊन सरकलं. चहावर साय धरली.

"होती," ते शेवटी म्हणाले. "चांगली असणार. वाईट असती तर लक्षात राहिली असती."

"म्हणजे?"

"चांगलं सगळं विरघळून जातं, बाई. माझा एक चुलतभाऊ होता, रायाजी. लहानपणी त्याने मला विहिरीत ढकललं आणि वरून बघत उभा राहिला. त्याची एकेक पापणी मला अजून दिसते." आणि पहिल्यांदाच त्यांच्या गुळगुळीत चेहऱ्यावर काहीतरी जिवंत हललं.

परतीच्या एसटीत भास्करराव म्हणाले, "शालन, तू माझं काहीतरी वाईट कर."

"काहीतरीच काय!"

"खरंच सांगतोय. मला तुला विसरायचं नाही."

घरी आल्यावर शालनताईंनी प्रयत्न केला. त्यांनी नवऱ्याच्या थोबाडीत मारली. भास्कररावांनी गाल चोळला, आणि दोघांनाही इतकं हसू आलं की भिंतीला टेकून बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना आणि त्यांच्या आईला नाही नाही ते बोलल्या. भास्कररावांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "छान बोललीस, पण लागलं नाही गं."

"सांगून केलेलं लागत नाही," शालनताई म्हणाल्या. "राहू दे."

तो विषय मग निघाला नाही. वर्षं गेली. शालनताईंचे केस पांढरे झाले, गुडघे गेले. भास्करराव होते तसेच राहिले. दुकानात आलेली नवी गिऱ्हाइकं "आई कशा आहेत?" असं विचारू लागली, आणि भास्करराव "बऱ्या आहेत" म्हणू लागले. ते बायकोचे पाय चेपून द्यायचे, तिला वाचून दाखवायचे, भात मऊ शिजवायचे. दोघांचा संसार इतका गोडीचा होता, की शालनताईंना कधीकधी धडकी भरायची. यातलं काहीच उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या आजारपणात निशिकांत आला. तोही आता वडिलांपेक्षा थोराड दिसत होता. एका सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि बाहेर व्हरांड्यात निशिकांतशी काहीतरी कुजबुजले. भास्करराव पलंगाशी येऊन बसले. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

"शालन," ते म्हणाले, "माझ्याशी दोन शब्द बोल."

शालनताईंना बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते, दोनच काय, कितीतरी. त्यांनी हात सोडवून घेतला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"शालन, इकडे बघ."

भिंतीचा पोपडा निघाला होता. त्या त्याकडे बघत राहिल्या.

"अगं, एकदा तरी बघ. तुझ्याशिवाय मी... शालन!" त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. शालनताईंनी तो झटकला. मागे त्या संथ, जपून घेतलेल्या श्वासाची लय मोडली. भास्करराव धापा टाकू लागले.

"काय केलं मी तुझं?" ते ओरडले. एवढ्या वर्षांच्या संसारात ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. "काय कमी केलं? बोल ना! अशी पाठ फिरवून जाणार तू?"

त्यांच्या आवाजात राग होता, कोवळा आणि धारदार, कित्येक शतकं टिकेल असा. शालनताईंनी तो नीट ऐकून घेतला. मग भिंतीकडे तोंड करून त्या हसल्या, आणि ते हसू भास्कररावांना दिसू नये म्हणून त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.