शेवाळेकाका आणि पन्नास फुटी अजगर

शेवाळेकाकांनी मला पहिली हाक मारली ती कुंपणावरून, आणि विचारलं ते असं : "जेसीबीच्या बकेटला दात किती असतात हो?"

मी सकाळपासूनची चौथी ऑनलाइन मीटिंग संपवून मागच्या अंगणात पाच मिनिटं नुसता उभा राहायला आलो होतो. कोविडचा पहिलाच वसंत होता. हॉलंडमधल्या आल्मेरेत आमच्या रांगेतल्या घरांना मागे सतरंजीएवढी अंगणं आहेत, आणि त्या दिवसांत माणसाला माणूस दिसायचा तो तिथूनच, खांद्याच्या वर. पलीकडे आमच्या शेजारणीचे, वैशालीचे वडील उभे होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर जावयाचं जाकीट. हातातल्या मोबाइलवर जेसीबीला लटकलेला एक अजगर होता आणि त्याखाली लिहिलं होतं, लांबी पन्नास फूट.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही. तिथंच तर गाडी अडलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावर जेसीबीनं रस्ता खणणाऱ्या माणसाला गाठलं. तो डच बोलत होता, काका मराठी. दोघांनी मिळून बकेट मोजली. संध्याकाळी कुंपणावर निकाल लागला : "सोळा फूट. फार तर साडेसोळा. अजगर खरा आहे, फूट खोटे आहेत."

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे कितीतरी बांध त्यांच्या साखळीखालून गेले होते. लेकीकडे तीन महिने राहायला म्हणून फेब्रुवारीत आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. काकू आल्याच नव्हत्या. दोन म्हशी आणि घर कुणाच्या जिवावर टाकू, असं म्हणून त्या गावीच राहिल्या. पुढे विमानं सुरू झाली तर वैशाली सोडेना. सत्तरी उलटलेली, त्यात साखर. तेव्हा काका वरच्या खोलीत, लेक-जावई खालच्या खोल्यांतून लॅपटॉपसमोर, आणि काकांच्या हाती इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

त्या ग्रुपवर एरवी गणपतीची वर्गणी आणि कुणाला जुना सोफा हवाय का, एवढंच चालायचं. आता सगळेच घरात कोंडलेले, त्यामुळे काढ्यांच्या कृतींबरोबर महाकाय प्राण्यांची लाट आली. बसएवढी मगर, माणसाएवढं वटवाघूळ, पुलाला विळखा घातलेला नाग. लोक 'बापरे' लिहून पुढे जायचे. काका पुढे जायचे नाहीत.

"माणसाचं ऐकू नका, दगड शोधा," हे त्यांचं वाक्य. बांधावर उभा राहिलेला प्रत्येक माणूस खोटं बोलतो, हद्दीचा दगड बोलत नाही, ही त्यांची नोकरीतली कमाई. फोटोत दगड म्हणजे जिचं माप ठाऊक आहे अशी कुठलीही वस्तू. वीट, चप्पल, बादली, विजेचा खांब. ती सापडली की काका कागद-पेन्सिल घेऊन बसायचे आणि तासाभरानं ग्रुपवर निकाल द्यायचे. निकाल तीन प्रकारचे असत : 'खरा', 'खोटा', आणि 'खरा, पण पुढे धरलेला'.

हा तिसरा प्रकार मला कळेना, तेव्हा त्यांनी माझ्या हातात प्राय दिली. प्राय म्हणजे इथली मनगटाएवढी जाड कांद्याची पात. मला कुंपणाशी उभं करून पात धरलेला हात कॅमेऱ्याकडे लांब करायला लावला, आणि स्वतः कोविडच्या नियमाचं दीड मीटर अंतर छत्रीनं मोजून खाली बसून फोटो काढला. फोटोत पात माझ्याहून उंच दिसत होती. काकांनी तो ग्रुपवर टाकला, खाली समजावून सांगायला लागले, पण टायपिंग हळू. तोवर सतरा जणांनी माझ्या बागकामाचं अभिनंदन केलं होतं आणि एकीनं बी मागितलं होतं. तिला अजून पटलेलं नाही की माझ्याकडे बी नाही.

खरं सांगायचं तर मला काकांचा कंटाळा यायचा. दिवसभर स्क्रीनवर तोंडं, मधेच मुलीची शाळा त्याच टेबलावर, बाहेर ते राखाडी आभाळ, आणि पाय मोकळे करायला मागे जावं तर कुंपणावर कानटोपी. "वेळ आहे का दोन मिनिटं?" वेळच वेळ होता, पण अंगात जीव नव्हता. मी 'हो' म्हणायचो, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागतं.

एकदाच त्यांची मोजणी चुकली. कुणीतरी कुत्र्याएवढ्या सशाचा फोटो टाकला. बाईनं कडेवर घेतलेला ससा, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत. काकांनी वर्षभराचा अनुभव पणाला लावून लिहिलं, 'निखालस खोटा. ससा ससाच असतो.' माझी मुलगी मराठी समजते पण बोलत नाही. तिनं कुंपणापाशी जाऊन त्यांना सांगितलं, "काका, इट्स रिअल. द लेडी अ‍ॅट द कॉर्नर हॅज वन." काका तिच्याबरोबर गेले. कोपऱ्यावरच्या आजींनी खिडकीमागून तो ससा दोन्ही हातांनी उचलून दाखवला. काका बराच वेळ काचेबाहेर उभे होते. परत येऊन त्यांनी ग्रुपवर शुद्धिपत्रक टाकलं : 'सशाबाबत दिलेला निकाल मागे घेत आहे. समक्ष पाहणी न करता निकाल दिला, ही माझी चूक.' सशाची एवढी क्षमा कुणी मागितली नसेल.

मग दुसऱ्या वर्षीचा एप्रिल आला. गावाकडून रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. एका दुपारी कुंपणावर काकांऐवजी वैशाली उभी होती.

"आई दवाखान्यात आहे. ऑक्सिजन लावलाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाबांना सांगितलेलं नाही. ते इथून काय करणार? नुसते खंगतील हो. आईचा फोन म्हशीच्या हौदात पडला असं सांगितलंय."

चार दिवस हौदावर निभावलं. पाचव्या दिवशी काका म्हणाले, शेजारच्याच्या फोनवरून बोलू दे. मग वैशालीनं जुन्या फोटोंतून एक शोधला. काकू अंगणात पाटावर बसून घेवडा निवडताहेत. आजच चुलतभावानं पाठवला म्हणून सांगायचं ठरलं. "तुम्ही तिथं थांबा ना," ती मला म्हणाली. "तुम्ही असलात की ते प्राण्यांवर येतात." खोट्यात पडायची माझी इच्छा नव्हती, पण तिच्याकडे बघून नाही म्हणवेना.

काकांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. काकूंचा चेहरा बघितला, मग बोट हळूहळू वरच्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिथंच थांबलं. या माणसानं पन्नास फुटांचे सोळा केले होते.

"खरा आहे," काका म्हणाले. "आजचाच. ऊन कसं एप्रिलचं पडलंय बघ. तब्येत छान दिसतेय तिची."

वैशाली हसली, चहा टाकते म्हणून आत गेली, आणि आत गेल्यावर बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज आला.

काका म्हणाले, "चला, जरा कालव्यापर्यंत जाऊन येऊ." आम्ही निघालो. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले :

"तिच्यामागची भिंत बघितलीत? विटांचे सात थर आहेत. माकडं उड्या मारून येतात म्हणून इकडं यायच्या आधी मी दोन वाढवून घेतले होते. आज नऊ पाहिजेत."

ते थांबून माझ्याकडे वळले.

"किती दिवस झाले? आणि ऑक्सिजन किती आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. आकड्यासकट. ते बाकावर बसले, मी तेच दीड मीटर राखून उभा. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. नियम होता म्हणून ठेवला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

"मग खरा का म्हणालात, काका?"

"आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं. ते सगळे वीतभर जमिनीसाठी बोलायचे," ते म्हणाले. "ही पोर दिवसभर डॉक्टरांशी झुंजते, नोकरी करते, आणि माझ्यासमोर हसत पोळी वाढते. बाबा सुखात आहे एवढाच एक आधार आहे तिला. तो काढून घेऊ?"

त्यानंतर आमचा एक क्रम ठरला. मी शेजारधर्म म्हणून विचारायचो, वैशाली मला रोजचा आकडा सांगायची, आणि मी मागच्या अंगणात जाऊन तो काकांना सांगायचो. "आज?" "अठ्ठ्याऐंशी." "आज?" "शहाऐंशी." त्या दिवशी ते मागे वळून कुंपणाला धरून उभे राहिले. पुढे नव्वद झाले, त्र्याण्णव झाले. माझ्या मीटिंगा चुकल्या, पण आकडा कधी चुकला नाही. ग्रुपवर कुणीतरी घराएवढा खेकडा टाकला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

अठराव्या दिवशी काकू घरी आल्या. मग वैशालीनं वडिलांना बेतानं सांगितलं, की आईला मध्ये थोडा ताप येऊन गेला. "असं होय?" काका म्हणाले. "बरं केलंस सांगितलंस."

जुलैत ते गावी परत निघाले. सामान उतरवायला हात लावावा म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. काका वरच्या खोलीत बॅगेला दोरी बांधत होते, दार उघडंच होतं. वैशालीनं मला जिन्याशी थांबवलं. वर्षभरात तिला इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"एक सांगू? त्या फोटोचं शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना," ती हळूच म्हणाली. "मला किती भीती वाटत होती! प्राण्यांचं सगळं ओळखतात, पण घरच्या माणसांचं काही म्हणून लक्षात येत नाही बाबांच्या."

मी वर पाहिलं. दोरी आवळणारे हात क्षणभर थांबले होते. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"हो ना," मी म्हणालो, "भोळे आहेत."