आठवडाभर शिट्टी, शनिवारी इतिहास

शिमशोनकाकांना स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी ते चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे आणि रिकामी बशी समोर दिसेल त्याच्या हातात कोंबून पुढे जायचे.

पनवेलच्या आमच्या हायस्कुलात ते सुतारकाम शिकवत, मी चित्रकला. बास्केटबॉलच्या रिंगमागची फळी त्यांनीच ठोकलेली. आजवरच्या कोचांची पाटीही त्यांचीच, अक्षरं तेवढी माझी. नवा कोच आला की नाव आणि आल्याचं साल लिहायचं, गेला की त्यापुढे गेल्याचं साल. पण काका त्याला एस.टी.त बसवून परत येईपर्यंत ब्रश उचलायचा नाही.

"गाडी हलू दे रे, वसंता. माणूस परत उतरतो कधीकधी."

एकही उतरला नाही. मुंबईत नोकरी लागली की कोच पसार! पुढचा येईपर्यंत संघ काका सांभाळत. तेवढ्या काळापुरती पाटीवर एक ओळ कोरी. "तुमचं नाव लिहू का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे रे, मी काय, हंगामी!"

शनिवारी मात्र पंचाईत व्हायची. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, म्हणजे शिट्टीलाही नाही. आणि सामने नेमके शनिवारी. मग परीटघडीचा कोट घालून, हात पाठीमागे बांधून ते रेषेपलीकडे फेऱ्या मारत ओरडायचे, "देशपांडेसर असते तर आत्ता डावीकडे पास दिला असता! फाटकसरांनी त्या उंच पोराला दोघांनी घेरलं असतं!"

समोरच्या उरणच्या संघाच्या मास्तरांनी एकदा हटकलं, "काका, आज तुम्हाला काम चालत नाही ना?"

"काम कुठं करतोय? मी आमच्या कोचांचा इतिहास सांगतोय."

त्या इतिहासावर आम्ही सामना जिंकलो.

पुढे दोन वर्षं नवा कोच आलाच नाही, आणि काकांचं इस्रायलला जायचं ठरलं. काकू वारलेल्या, मुलगा तिकडे. निरोपाला फाटकसर मुद्दाम आले. मी कौतुकानं म्हटलं, "सर, उंच पोराला घेरायची तुमची युक्ती अजून चालते बरं का."

"माझी? अहो, मी गणिताचा मास्तर. चेंडूचा टप्पा कसा पाडतात हेसुद्धा मला काकांनी शिकवलं."

मी वळून पाहिलं. काका पायरीवर बसले होते. हातातला चहा निवला होता.

"काका, मग इतकी वर्षं त्यांची नावं कशाला घेतलीत?"

"कोचाचं पोरं ऐकतात रे. सुताराचं कोण ऐकतो?" म्हणाले, आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एस.टी.त बसवलं. गाडी हलेपर्यंत ते आतही उभेच होते. मला रडू आलं, ते लपवलं नाही.

शाळेत परतून पाटीवरच्या साऱ्या कोऱ्या ओळींत त्यांचं नाव लिहिलं, सालं घातली. शेवटच्या ओळीत मात्र गेल्याचं साल लिहिलेलं नाही. माणूस परत उतरतो कधीकधी.